सॉरी म्हणणारी सीडी

स्क्रीनवर एकच ओळ होती. इमेज चेकसम एरर, सॉरी. खाली लिहिलेलं, बूट फेल झालं, कुठलंही बटण दाबून परत प्रयत्न करा. मी दाबलं. परत सॉरी.

ही २०१८ची गोष्ट. मी कोल्हापुरात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीनं ऑफिसमधले जुने ११ कॉम्प्युटर राधानगरी तालुक्यातल्या एका शाळेला दिले होते. हार्डडिस्क पुसलेल्या, शाळेत इंटरनेट नाही, आणि मशीन इतकी जुनी की पेनड्राइव्हवरून चालूच व्हायची नाहीत. तिथले एक सर वडिलांचे मित्र. त्यांचं म्हणणं सरळ होतं. "मराठी दिसायला पाहिजे बघ. आणि उद्या तू नोकरीला पुण्याला गेलास की एखादं बिघडलं तर तुला बोलवत बसायचं नाही. सीडी घातली की माझं मला जमलं पाहिजे."

म्हणून मी डेबियन ९ची सीडी उघडून माझी स्वतःची बनवली. मराठी फॉन्ट, इनस्क्रिप्ट कीबोर्ड आणि मुलांचे खेळ आत घातले. इन्स्टॉल करताना विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं एका फाइलमध्ये आधीच लिहून ठेवली, म्हणजे सरांना फार काही निवडायला लागणार नाही. लई भारी वाटत होतं. सीडी लावेपर्यंत.

पहिली सीडी का चालली नाही हे समजायला मला १९९५पर्यंत मागं जावं लागलं.

त्याआधी सीडीवरून कॉम्प्युटर चालू करायची सर्वमान्य पद्धतच नव्हती. १९८५च्या नोव्हेंबरात काही कंपन्यांची माणसं अमेरिकेत लेक टाहोजवळच्या हाय सिएरा नावाच्या हॉटेलात जमली आणि सीडीवर फाइली कशा मांडायच्या ते ठरवायला बसली. त्यातूनच १९८८ साली आयएसओ ९६६० हे मानक आलं. या मानकानं सुरुवातीचे १६ सेक्टर, म्हणजे ३२,७६८ बाइट, कुणीही काहीही करावं म्हणून मोकळे सोडले. सतराव्या जागी, म्हणजे शून्यापासून मोजलं तर सोळाव्या सेक्टरमध्ये, सीडीची ओळख सुरू होते. ते रिकामे १६ सेक्टर ध्यानात ठेवा.

मानकात फाइली कशा वाचायच्या ते होतं, पण मशीन चालू झाल्याझाल्या काय करायचं ते नव्हतं. ते १९९५च्या जानेवारीत फिनिक्स आणि आयबीएम या कंपन्यांनी मिळून लिहिलं. त्याचं नाव एल टोरिटो. कॅलिफोर्नियातल्या ज्या मेक्सिकन हॉटेलात ही कल्पना निघाली त्याचं हे नाव, असं सांगतात. (हेच काम कोल्हापुरात झालं असतं तर जगातल्या प्रत्येक बूट सीडीत आज एखाद्या मिसळवाल्याचं नाव कोरलेलं असतं. कारण 'एल टोरिटो स्पेसिफिकेशन' हे शब्द खरोखरच सीडीच्या सतराव्या सेक्टरमध्ये लिहिलेले असतात.)

कॉम्प्युटरची बायोस हे शब्द शोधते, तिथून एका यादीकडे जाते, आणि यादीत सांगितलेला छोटा प्रोग्रॅम उचलते. लिनक्सच्या सीडीवर तेव्हा तो बहुधा आयसोलिनक्स असायचा. बायोस त्याचा फक्त पहिला तुकडा, २,०४८ बाइट, मेमरीत आणते. बाकीचा आयसोलिनक्स स्वतःच स्वतःला आणतो. त्यासाठी आपण सीडीवर नेमके कुठे आहोत, किती लांब आहोत आणि आपली बेरीज किती येते, हे त्याच्या पोटात लिहून ठेवावं लागतं. सीडी बनवणारा प्रोग्रॅम ते लिहितो, पण तसं सांगितलं तरच.

मी सांगितलं नव्हतं. मी आयसोलिनक्स मूळ सीडीवरून जसाच्या तसा उचलला होता, म्हणजे त्याच्या पोटात जुन्या घराचा पत्ता होता. मी फाइली वाढवल्यामुळं घर सरकलेलं. बिचारा जुन्या पत्त्यावर गेला, तिथं भलताच डेटा मिळाला, बेरीज जुळेना, आणि त्यानं सॉरी म्हटलं. खरं तर सॉरी मी म्हणायला हवं होतं.

हे शोधत असताना लक्षात आलं की आपल्याकडची लिनक्सची पहिली मोठी लाट या सगळ्याच्या अगदी काठावर आली. १९९६च्या मार्चमध्ये पीसीक्वेस्ट मासिकानं अंकासोबत लिनक्सची सीडी दिली. आधी स्लॅकवेअर, पुढे रेड हॅट, नंतर फेडोरावर बेतलेली स्वतःची पीसीक्यूलिनक्स. या खटाटोपामागं अतुल चिटणीस होते. बर्लिनमध्ये जन्मलेले, बेळगावात वाढलेले आणि पुढं बेंगळुरूत राहिलेले. २०१३ साली ते गेले. कोल्हापूरपासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवरच्या गावातल्या माणसानं हे केलं, आणि मला चार वर्षांच्या डिग्रीत कुणी त्यांचं नावसुद्धा सांगितलं नव्हतं.

त्या सीडीचं मोल आज मोबाइलवर हे वाचणाऱ्याला कळायला एक हिशेब करू. भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ला मिळालं. ६५० एमबीची एक सीडी २८.८ केबीपीएसच्या मोडेमवरून उतरवायची तर फोनलाइन एकदाही न तुटता दोन दिवसांपेक्षा जास्त वेळ लागेल. बिल वेगळंच. मासिक मात्र स्टॉलवर मिळायचं. पण तेव्हाच्या बऱ्याच मशीनना एल टोरिटो माहीतच नव्हतं. मग डॉसमध्ये जाऊन आधी फ्लॉपी बनवायच्या, फ्लॉपीवरून मशीन चालू करायचं आणि मग सीडीला हात घालायचा. फ्लॉपी खराब निघाली की पुन्हा पहिल्यापासून. माझ्या सॉरीला निदान कारण तरी होतं.

माझ्या सीडीतलं मराठीही असंच कुणीतरी आधी करून ठेवलेलं होतं. लोहित हा देवनागरी फॉन्ट मुळात पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचा, श्रीलिपी बनवणाऱ्यांचा. रेड हॅटनं तो २००४ साली मुक्त परवान्याखाली सगळ्यांना दिला. सी-डॅकच्या चेन्नई केंद्रानं २००७ साली आणलेली बॉस ही भारतीय सिस्टीमसुद्धा डेबियनच उघडून, आपल्या भाषा घालून, परत बांधलेली.

दुसरी सीडी पुढं गेली. निळा-पांढरा इन्स्टॉलर आला आणि म्हणाला, सीडी सापडत नाही.

ज्या सीडीवरून तू आत्ता चालू झालास, तीच? सर फोनवर होते. "झालं काय रे? शुक्रवारी येतोय म्हणून पोरांना सांगून बसलोय." मी म्हटलं, "होतंय सर, थोडंच राहिलंय." हे वाक्य मी आता नोकरीतही वापरतो.

सीडी न सापडणं वाटतं तितकं वेडेपणाचं नाही. सुरुवातीचा भाग बायोसनं वाचून मेमरीत ठेवलेला असतो. त्यानंतर लिनक्स ताबा घेतं आणि आपल्या ड्रायव्हरनं सीडी नव्यानं शोधतं. ऑल्ट आणि एफ४ दाबून लॉग बघितला. सीडी त्याला दिसत होती, पण ती डेबियनची नाही म्हणून त्यानं बाजूला टाकली होती. डेबियनचा इन्स्टॉलर 'डिस्क' नावाच्या फोल्डरमध्ये माहितीची एक फाइल शोधतो. या फोल्डरच्या नावाआधी एक टिंब असतं. मी मूळ सीडीतल्या फाइली उचलताना 'सगळं' या अर्थी फुली टाकली होती, आणि युनिक्समध्ये त्या फुलीत टिंबानं सुरू होणारी नावं येत नाहीत.

का येत नाहीत? १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला प्रत्येक फोल्डरमध्ये 'हे फोल्डर' आणि 'वरचं फोल्डर' यांच्यासाठी एक टिंब आणि दोन टिंबं अशा दोन नोंदी आल्या. यादी दाखवताना त्या नकोत म्हणून कुणीतरी सोपा मार्ग काढला, पहिलं अक्षर टिंब असेल तर सोडून दे. पूर्ण नाव तपासायला हवं होतं, तपासलं फक्त पहिलं अक्षर. त्यामुळं टिंबवाली सगळीच नावं लपली, आणि पुढं लोकांना ती सोयच वाटायला लागली. ही हकीगत बेल लॅब्समधल्या रॉब पाइक यांनी २०१२ साली लिहिली आहे. कुणाच्या तरी त्या आळसामुळं कोल्हापुरात माझी दुसरी सीडी वाया गेली.

पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीच्या टेकाडावर १९४५-४६ साली सांकलिया आणि दीक्षित यांनी उत्खनन केलं, तिथं एकाखाली एक थर निघत सातवाहनांपर्यंत गेले. शाळेत असताना टाउन हॉलच्या म्युझियममध्ये तिथल्या वस्तू बघून मला कंटाळा आला होता. त्या रात्री ते आठवलं. सीडी मी २०१८ साली बनवली, पण ती बिघडत होती १९९५मध्ये आणि सत्तरच्या दशकात.

तिसरी सीडी कमी वेगानं लिहिली, कारण जुन्या ड्राइव्हना घाईत लिहिलेलं नीट वाचता येत नाही. शुक्रवारी ११पैकी ९ मशीन चालू झाली. उरलेल्या दोघांच्या ड्राइव्हची लेन्स गेलेली. शेजारच्या मशीनचा ड्राइव्ह काढून त्यांना लावला. शेवटची तीन सरांनी स्वतः केली, मी मागं हात बांधून उभा.

२०२१ साली मी पुण्यात असताना त्यांचा फोन आला. शाळेला एक नवीन कॉम्प्युटर मिळालेला, त्याला सीडीचा ड्राइव्हच नव्हता. सीडीची फाइल माझ्याकडं होती, पण ती नुसती पेनड्राइव्हवर उतरवून चालली नसती. हार्डडिस्क किंवा पेनड्राइव्हवरून चालू होताना मशीन अगदी पहिल्या सेक्टरकडे बघतं, आणि सीडीचे पहिले १६ सेक्टर रिकामे. आयसोलिनक्स लिहिणाऱ्या एच. पीटर अॅन्विन यांनी २००८च्या सुमारास नेमकी हीच जागा वापरली. हार्डडिस्कला लागतं ते सगळं त्यांनी तिथं बसवलं. एकच फाइल, सीडीवर सीडी आणि पेनड्राइव्हवर पेनड्राइव्ह. हाय सिएरातल्या माणसांनी सोडलेली मोकळी जागा वीस वर्षांनी कामाला आली. मी तो एक प्रोग्रॅम माझ्या फाइलवर चालवला आणि पेनड्राइव्ह एसटीच्या पार्सलनं पाठवला.

दोन दिवसांनी सरांचा परत फोन. "चालू झालं. मराठीत विचारतंय बघ, हार्डडिस्कवरचं सगळं पुसू का म्हणून. हो म्हणू?"