विसरणाऱ्या शहराची वही

स्टीफन किंग यांची ‘इट’ ही कादंबरी १९८६ साली प्रसिद्ध झाली. अकराशेहून अधिक पानांची ही भयकथा. गटारातून डोकावणारा पेनीवाइज नावाचा विदूषक आणि त्याच्याशी झुंजणारी सात मुले, एवढे कथानक बहुतेकांना ऐकून ठाऊक असते. मला मात्र हे पुस्तक इतिहासाविषयीचे वाटते. त्यातल्या विदूषकापेक्षा डेरी या गावाच्या विसरण्याचीच मला जास्त भीती वाटते.

डेरी काल्पनिक आहे. पण ते बेतले आहे अमेरिकेतल्या मेन राज्यातील बँगर या शहरावर. डेरीत साधारण सत्तावीस वर्षांनी मुले नाहीशी होऊ लागतात. मोठी माणसे पाहून न पाहिल्यासारखे करतात, पुढे विसरूनही जातात. हे सारेच कल्पित नाही. जुलै १९८४ मध्ये बँगरमध्ये चार्ली हॉवर्ड या समलिंगी तरुणाला तिघा किशोरवयीन मुलांनी पुलावरून ओढ्यात फेकले. त्यात त्याचा मृत्यू झाला. किंग यांनी ही घटना नावे बदलून कादंबरीत घेतली.

१९५८ च्या उन्हाळ्यात एकत्र येणारी सात मुले म्हणजे तोतरा बिल, जाडा बेन, दम्याचा एडी, चष्मेवाला रिची, बापाचा मार खाणारी बेव्हर्ली, ज्यू स्टॅन आणि कृष्णवर्णीय माइक. गुंड पोरांचा जाच हेच त्यांच्या मैत्रीचे निमित्त. मोठेपणी सहा जण गाव सोडतात, नाव-पैसा मिळवतात आणि सगळे विसरतात. माइक गावातच ग्रंथपाल होऊन राहतो. म्हाताऱ्यांना बोलते करतो, लिहून ठेवतो. कृष्णवर्णीय सैनिकांचा ‘ब्लॅक स्पॉट’ हा क्लब १९३० मध्ये कसा जाळला गेला, हे त्याला आजारी वडिलांकडून कळलेले असते. १९८५ मध्ये मित्रांना फोन करून बोलावतो तोही माइकच.

१९९० साली अमेरिकी दूरचित्रवाणीवर आलेल्या दोन भागांच्या रूपांतरात टिम करी यांचा विदूषक गाजला. माइकचे ग्रंथपालपण तिथे शाबूत होते. आपल्याकडे १९९८ मध्ये झी टीव्हीवर याच कथेवरून ‘वो’ ही मालिका आली. त्यात लिलिपुट विदूषक झाले होते.

अँडी मुस्किएती यांच्या २०१७ च्या चित्रपटाने बालपणाचा काळ १९८९ वर आणला. गावाचा इतिहास धुंडाळण्याचे काम मात्र बेनकडे गेले. माइकच्या वाट्याला आगीत गमावलेले आईवडील उरले. चित्रपटाने सुमारे सत्तर कोटी डॉलर कमावले. तरी मला हे खटकले. ज्याच्या माणसांवर अत्याचार झाला त्याला दुःख ठेवायचे आणि लेखणी दुसऱ्याच्या हाती द्यायची, ही रीत आपल्याला अनोळखी नाही. २०१९ च्या दुसऱ्या भागात माइकला ग्रंथालय परत मिळाले. २०२५ च्या ‘वेलकम टू डेरी’ या मालिकेने ‘ब्लॅक स्पॉट’ची आग १९६२ च्या काळात नेऊन पडद्यावर सविस्तर दाखवली.

दोन्हींचे शेवट वेगळे आहेत. चित्रपटात मित्रांची आठवण शाबूत राहते. कादंबरीत ते जिंकूनही पुन्हा विसरू लागतात. माइकच्या वहीतले मित्रांचे पत्तेही पुसट होत जातात. चित्रपटाचा शेवट सुखावतो, पण मला पुस्तकाचा पटतो. एकदा लिहिले म्हणून आठवण टिकत नाही. शाई फिकी पडली की कुणीतरी पुन्हा गिरवायला बसावे लागते.