अहिपतीची पानं

अकबराच्या दरबारातल्या गंजिफांचं, म्हणजे जुन्या हिंदुस्थानी पत्त्यांचं, वर्णन अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त करून ठेवलं आहे. बारा रंग, प्रत्येक रंगाची बारा पानं, एकूण १४४. प्रत्येक रंगाला एक राजा, एक वजीर आणि खाली एक्क्यापासून दहापर्यंतची साधी पानं. पहिला राजा अश्वपती, त्याचं बळ घोड्यांत. तो दिल्लीचा बादशहा. दुसरा गजपती, हत्तींच्या जोरावर राज्य करणारा ओरिसाचा राजा. तिसरा नरपती, पायदळाचा धनी, म्हणजे विजापूरचा सुलतान. पुढे गड, खजिना, फौज, नावा, स्त्रिया, देव, असुर असे एकेकाचे पती येतात. अकरावा रंग वनपतीचा, त्यात वाघ-बिबटे. आणि बारावा अहिपती, सर्पांचा राजा. ब्लॉकमनच्या १८७३ सालच्या इंग्रजी अनुवादात या शेवटच्या रंगाचं पहिलं पान असं आहे: ड्रॅगनवर स्वार झालेला नाग. त्याचा वजीर म्हणजे दुसऱ्या नागावर बसलेला नाग. उरलेल्या दहा पानांवर एक ते दहा नाग.

हे वाचलं त्या दिवसांत मी ड्रॅगनचाच कॅट बांधत होतो. म्हणून हा लेख.

मी राजगुरुनगरला राहतो आणि चाकण एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग तपासण्याच्या विभागात काम करतो. आमच्या शिफ्टची चार-पाच जणं सुट्टीच्या दिवशी माझ्याकडे जमतात आणि 'मॅजिक: द गॅदरिंग' हा पत्त्यांचा खेळ खेळतात. खेड तालुक्यात कुणी असं काही खेळत असेल यावर पुण्यातल्या मित्रांचा विश्वास बसत नाही. पण ज्या पट्ट्यात अख्ख्या देशातून पोरं नोकरीला येतात, तिथे खेळही त्यांच्याबरोबर येतातच. घरात मेंढीकोट आणि पाच-तीन-दोन आधीपासून होतेच. त्यांच्या शेजारी हा नवा खेळ बसला.

नेहमीच्या पत्त्यांत बावन्न पानं सगळ्यांची मिळून एकच. इथे प्रत्येकजण स्वतःचा कॅट घरून बांधून आणतो. आम्ही खेळतो त्या प्रकाराला 'कमांडर' म्हणतात. शंभर पानं, त्यांतलं एक सरदाराचं, ते सगळ्यांसमोर उघडं ठेवायचं. जमिनीची, म्हणजे बाकीची पानं उतरवायला शक्ती देणारी, साधी पानं सोडली तर एकही पान दुसऱ्यांदा घालायचं नाही. माझी सरदारीण लॅथलिस, ड्रॅगनांची राणी, २०१८ च्या संचातली. तिच्या असण्यात दुसरा खरा ड्रॅगन पटावर उतरला की त्याच्याबरोबर पाच बळाचा एक आयता ड्रॅगन फुकट मिळतो. ड्रॅगनची अडचण एकच, ते महाग असतात. पाच-सहा जमिनी पडल्याशिवाय एकही उतरत नाही आणि तोवर समोरचे तीन जण तुम्हाला झोडपत असतात. म्हणून माझ्या शंभरांत सदतीस जमिनी आहेत, शक्ती वाढवणारी दहाएक पानं आहेत, आणि 'ड्रॅगनस्पीकर शामन' आहे, जो प्रत्येक ड्रॅगनची किंमत दोनने उतरवतो. प्रत्यक्ष ड्रॅगन पंचवीसच्या आसपास. ज्याला पहिल्यांदा असा कॅट बांधायचा आहे त्याला मी हेच सांगतो की ड्रॅगन कमी ठेव, जमीन वाढव. आणि पैसे मोजून स्पर्धेचा कॅट बांधू नकोस. चार मित्रांत दोन तास रंगेल असा बांध.

हा कमांडर प्रकार मुळात ड्रॅगनांवरच उभा राहिला, हे माझ्याबरोबर खेळणाऱ्यांनाही ठाऊक नव्हतं. रिचर्ड गारफिल्डने 'मॅजिक' १९९३ मध्ये आणलं. पुढच्याच वर्षी 'लेजंड्स' नावाच्या संचात पाच 'एल्डर ड्रॅगन' आले. अलास्कातल्या काही खेळाडूंनी नियम केला की प्रत्येकाने या पाचांपैकी एकाला सरदार करून त्याच्या रंगांतला शंभर पानांचा कॅट बांधायचा. शेल्डन मेनेरी या पंचाने हा घरगुती प्रकार जगभर पसरवला आणि २०११ साली खेळाच्या मालकांनी त्याला अधिकृत केलं. सुरुवात मात्र दुकानात झाली नाही, चार मित्रांच्या टेबलावर झाली. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते, कारण गंजिफांच्या इतिहासात हेच उलट्या क्रमाने घडलेलं दिसतं.

गंजिफा हिंदुस्थानात इराण आणि मध्य आशियाकडून आल्या. बाबराने १५२७ साली आपल्या रोजनिशीत नोंदवलं आहे की सिंधच्या शाह हसनला गंजिफांचा नाद होता, त्याने मागितल्या म्हणून पाठवल्या. तिथून दोन-तीन पिढ्यांत खेळ राजेरजवाड्यांच्या हाती गेला आणि त्यांनी त्यावर आपापली दुनिया रंगवली. अकबराने बारा रंगांचा जुना संच बदलून आठ रंगांचा केला: ताज, शमशेर, गुलाम, चंग, बरात वगैरे. तोच ९६ पानांचा संच पुढे देशभर चालला. म्हैसूरचे तिसरे कृष्णराज वडियार तर खरे कॅट बांधणारे. 'श्रीतत्त्वनिधी' या प्रचंड ग्रंथात त्यांनी स्वतः योजलेले संच दिले आहेत आणि त्यांतला चामुंडेश्वरीचा ३२० पानांचा आहे. बंगालात विष्णुपूरला दशावतारी पत्ते झाले. ओरिसात त्याच खेळाचं गंजपा झालं आणि तिथे रामायणही पानांवर उतरलं.

आणि आपल्याकडे सावंतवाडी. माझी सासुरवाडी कुडाळची, त्यामुळे हा भाग मी हाताळून सांगू शकतो.

सावंतवाडीच्या भोसले संस्थानात चितारी मंडळी लाकडी खेळणी, पाट, समया आणि गंजिफा रंगवत आली. दशावतारी संचात दहा रंग, प्रत्येकी बारा पानं, एकूण १२०. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन, परशुराम, राम, कृष्ण, बुद्ध, कल्की. पानं गोल, रुपयाच्या जुन्या मोठ्या नाण्याहून मोठी. राजाच्या पानावर खुद्द अवतार, प्रधान बहुधा घोड्यावर, आणि साध्या पानांवर त्या अवताराची खूण: मत्स्याच्या रंगात मासे, कूर्माच्या रंगात कासवं, परशुरामाच्या रंगात परशू. प्रत्येक रंगाची जमीन वेगळी, कुठे हिरवी, कुठे तांबडी, कुठे पिवळी. दरबारी कलमाच्या पानाला नक्षीदार काठ असतो, बाजार कलमाचं पान साधं, झपझप ओढलेल्या रेघांचं. आमच्या घरचा संच साधा आहे. त्यातलं मत्स्याचं दश्शीचं पान मी बराच वेळ पाहत बसतो. दहा मासे एका गोलात मावले पाहिजेत आणि लांबून पाहिलं तरी दहा आहेत हे कळलं पाहिजे. चिताऱ्याने मधल्या माशांची तोंडं वर केली आहेत, कडेच्यांची आत वळवली आहेत. शेपटी म्हणजे दोन फटकारे, डोळा म्हणजे एक टिंब. हात इतका बसलेला की एकही मासा दुसऱ्यावर चढलेला नाही.

जुनी करणी कष्टाची. कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवायचे, खडूचा लेप द्यायचा, वाळला की दगडाने घासून गुळगुळीत करायचा, मग गोल कापायचे, रंगवायचे आणि लाखेने पाठ बंद करायची. पाठ सगळ्या पानांची एकसारखी हवी, नाहीतर खेळणारा ओळखणार. एका संचाला अशी १२० पानं.

असा संच यंत्रावर छापलेल्या विलायती पत्त्यांपुढे टिकणं अवघड होतं. बावन्न पानं, स्वस्त, हातात पंख्यासारखी धरता येणारी. मळली तर फेकून नवी आणा. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सावंतवाडीत गंजिफा रंगवणारे हात बोटांवर मोजण्याइतके उरले. संस्थानिक शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी वयोवृद्ध पुंडलिक चितारी यांच्याकडून ही कला स्वतः शिकून घेतली, हे मला फार मोठं वाटतं. संस्थानिकाने कारागिराला आश्रय देणं वेगळं आणि त्याच्यापुढे ब्रश धरून शिकायला बसणं वेगळं. १९७१ साली त्यांनी राजवाड्यातच 'सावंतवाडी लॅकरवेअर्स' सुरू केलं. आजही तिथे कारागीर पानं रंगवताना दिसतात. २०२४ मध्ये सावंतवाडीच्या गंजिफांना भौगोलिक मानांकन मिळालं. विसाव्या शतकातच मुंबईत रुडॉल्फ फॉन लायडन हा जर्मन कलासमीक्षक, हुसेन-रझा-आरा या चित्रकारांच्या पिढीचा पाठीराखा, देशभरच्या गंजिफा गोळा करत होता. त्यांच्यावर त्याने नीट अभ्यासून लिहिलं. आज या पानांविषयी जे काही आपल्याला ठाऊक आहे त्यात त्याचा वाटा मोठा आहे.

तरी माझ्या मनात एक खंत आहे आणि ती मी स्पष्ट लिहितो. पानं वाचली, खेळ वाचला नाही. गंजिफा आज भिंतीवर चौकटीत लागतात, लग्नात आहेर म्हणून जातात, त्यांचे किचेन होतात. हे सगळं होवो, कारागिराच्या घरात त्यानेच चूल पेटते. पण मत्स्याच्या दश्शीवर कुणीतरी मत्स्याचा प्रधान मारून हात उचलावा म्हणून ते पान रंगवलेलं आहे.

म्हणून आम्ही खेळायला बसलो. मी, बायको आणि बारावीतला पुतण्या. तिघांत १२० पानं, प्रत्येकी चाळीस. चाळीस गोल पानं हातात धरता येत नाहीत, म्हणून प्रत्येकाने आपापल्या रंगांच्या चळती चटईवर उपड्या लावल्या. या खेळात हुकूम नाही. दिवसा खेळलात तर ज्याच्याकडे रामाचा राजा त्याची उतारी, रात्री कृष्णाचा. निम्म्या रंगांत राजा-प्रधानानंतर दश्शी मोठी आणि एक्का सगळ्यांत लहान. उरलेल्या निम्म्या रंगांत हे सगळं उलटं, तिथे एक्का मोठा आणि दश्शी कवडीमोल. कुठल्या रंगातली मोठी पानं पडून गेली आणि आता कुणाचं पान सर्वांत वरचं ठरलं, हे डोक्यात ठेवणं हाच खरा खेळ. बायकोने ते तासाभरात पकडलं आणि मग आम्हाला हात दिला नाही. पुतण्या मात्र एका प्रश्नावर अडून बसला: काका, यात सरदार कोण? मी म्हटलं, दहा आहेत. तो म्हणाला, मग आपण आपापला एक निवडून कॅट का बांधत नाही?

त्याचं उत्तर अकबर आणि वडियार यांच्या संचांत आहे. गंजिफांचा संच एकानेच योजायचा आणि सगळ्यांनी मिळून खेळायचा. निवड राजाची, हात चिताऱ्याचा, खेळ घरच्यांचा. 'मॅजिक'मध्ये चित्रकार आणि छापखाना दूर कुठेतरी आहेत, पण निवड आमची आहे. पुतण्याला निवडीत आनंद वाटतो. मला तो आनंद गंजिफांनाही लागू होण्यासारखा वाटतो. दशावतारी संचात मी एखादा रंग मनापासून माझा मानायला लागलो की त्याची पानं जास्त लक्षात राहतात, हे खेळता खेळता कळलं. माझा कूर्म आहे. बायकोचा नरसिंह.

आमच्या शिफ्टमध्ये पुरीकडचा एक सहकारी आहे. त्याच्या गावात म्हातारी माणसं दुपारी देवळाजवळ बसून अजून गंजपा खेळतात, हे त्याने सांगितलं तेव्हा मी 'आईन'मधला गजपती त्याला दाखवला. त्याला हत्तीवरचा आपला राजा बघून फार बरं वाटलं. त्यानेच मला सांगितलं की आजोबांकडची पानं खराब झाली तर ते वाट बघत बसत नाहीत, मिळतील त्या पानांनी डाव मांडतात. आम्ही तेच केलं, आणि ज्याला काही हजारांचा रंगवलेला संच घेणं जमत नाही त्याच्यासाठी ती रीत इथे देतो.

एकसारख्या पाठीचे दोन साधे कॅट घ्या. दोन्हींतले जोकर आणि चारही गुलाम काढून टाका. आता प्रत्येक रंगात राजा, राणी आणि दश्शीपासून एक्क्यापर्यंत अशी बारा पानं उरतात. राणीला प्रधान माना. दुसऱ्या कॅटच्या सगळ्या पानांवर, चित्राच्या बाजूने, कोपऱ्यात शाईने एक रेघ ओढा. आठ रंग झाले, ९६ पानं, अकबराच्या आठ रंगांच्या संचाइतकीच. तिघांत प्रत्येकी बत्तीस वाटा. बिनरेघेच्या चार रंगांत दश्शी मोठी धरा, रेघेच्या चार रंगांत एक्का. दिवसा उतारी कुठल्या राजाची आणि रात्री कुठल्या, हे खेळण्याआधी घरात ठरवून घ्या. आमच्याकडे दिवसा बदाम राजा, रात्री रेघेचा इस्पिक राजा. त्या इस्पिक राजाच्या खुर्चीखाली पुतण्याने बॉलपेनने एक ड्रॅगन काढला आहे.