विद्यावेतन की वसतिगृह?

औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, शहरातून लेण्यांच्या डोंगराकडे जावयास निघालेल्या माणसास नागसेनवनाचा विस्तीर्ण परिसर लागतो. पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय या शहरात १९५० साली सुरू झाले आणि १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याच्या इमारतीची कोनशिला बसविण्यात आली. मिलिंद महाविद्यालय म्हणून ते सर्वांस ठाऊक आहे. वर्गांच्या इमारतींबरोबर विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांसही येथे मानाचे स्थान मिळाले. असे का झाले, याचा उलगडा करावयाचा तर थोडे मागे, मुंबईच्या कायदेमंडळात जावे लागेल.

मार्च १९२७ मध्ये तेथे अंदाजपत्रकावर चर्चा चालली असता नव्यानेच नियुक्त झालेले सभासद डॉ. भीमराव आंबेडकर शिक्षणखात्याच्या अहवालातील आकडे घेऊन उभे राहिले. शाळेत नाव घातलेल्या शंभर मुलांपैकी चौथ्या इयत्तेपर्यंत पोहोचतात ती अवघी १८. उरलेली ८२ पुन्हा निरक्षरतेत बुडून जातात, असे त्यांनी दाखवून दिले. सरकार शिक्षणावर दरडोई १४ आणे खर्चते आणि अबकारीच्या रूपाने त्याच माणसाकडून दोन रुपयांहून अधिक वसूल करते, हा हिशेबही त्यांनी मांडला. किती मुले शाळेत आली हे मोजण्यात धन्यता मानणाऱ्या त्या काळात किती टिकली हे विचारणारा आवाज विरळाच होता.

परंतु त्याच भाषणातील दुसरा एक मुद्दा आजच्या विषयास अधिक जवळचा आहे. अस्पृश्य विद्यार्थ्यांस रोख शिष्यवृत्त्या वाटणे हा सरकारी पैशाचा अपव्यय होय, तोच पैसा वसतिगृहांस द्यावा, असे त्यांनी सुचविले. ज्यांनी स्वतः बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या दरमहा २५ रुपयांच्या विद्यावेतनावर एल्फिन्स्टन कॉलेजातून बी. ए. केले, त्यांच्या तोंडी हे शब्द ऐकून पुष्कळांस नवल वाटेल. त्यांचे म्हणणे मात्र अनुभवाचे होते. ज्या घरात संध्याकाळच्या भाकरीची भ्रांत, तेथे मुलाच्या नावाने आलेले चार रुपये चुलीकडेच जावयाचे. आईबापांस यात दोष देणे मला अन्यायाचे वाटते. उपाशी घराने पैसा दुसरीकडे कोठे न्यावा? पण मुलाच्या हाती पुस्तक राहत नाही, हेही तितकेच खरे. त्यास दोन वेळचे अन्न, दिवा आणि अभ्यास करणाऱ्या सोबत्यांचा शेजार हवा.

ही कल्पना महाराष्ट्रास नवखी नव्हती. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून निरनिराळ्या जातींच्या बोर्डिंगांस आश्रय दिला होता. साताऱ्यास भाऊराव पाटलांनी सर्व जातींची मुले एका पंक्तीस बसविली होती. खुद्द आंबेडकरांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापुरास वसतिगृह उघडले होते.

पुढे व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना मात्र त्यांनीच शिष्यवृत्त्यांचा आग्रह धरला. अलीगढ व बनारस या विद्यापीठांस मध्यवर्ती सरकार प्रत्येकी ३ लाख रुपये देते, मग अस्पृश्यांच्या उच्च शिक्षणास तितकेच का देऊ नये, असा त्यांचा रोकडा सवाल होता. त्यातून १९४४ साली वार्षिक ३ लाखांची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती निघाली. यात विसंगती शोधण्याचे कारण नाही. कॉलेजात जाणारा तरुण घर सोडून शहरात आलेला असतो. पैसा त्याच्याच हाती पडतो. लहान पोराची गोष्ट निराळी.

हे सारे मनात ठेवून मराठवाड्याकडे पाहावे. निजामाच्या राज्यात १९१८ पासून उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षण उर्दूतून चाले. घरी मराठी बोलणाऱ्या मुलास शाळेच्या वरच्या वर्गांत आधी परकी भाषा पार करावी लागे. औरंगाबादेत सरकारी इंटरमिजिएट कॉलेज होते. पदवीसाठी हैदराबाद गाठणे भाग. तेथवर जाण्याची ऐपत असलेले किती, आणि त्यांत दलित घरचे किती, हे वेगळे सांगावयास नको. सप्टेंबर १९४८ मध्ये ते राज्य भारतात विलीन झाले आणि दोनच वर्षांत येथे हे कॉलेज उभे राहिले. संस्थेच्या मुंबईतील सिद्धार्थ महाविद्यालयात १९४६ पासून सकाळचे वर्ग भरत, कारण तेथील विद्यार्थी दिवसा नोकरी करीत. येथे खेड्यातून आलेल्या मुलास नोकरी कोठली? त्यास राहण्यास जागाच हवी होती. सरकारी शिष्यवृत्ती आणि वसतिगृहातील खाट या दोहोंच्या आधाराने किती घरांतील पहिला पदवीधर येथून बाहेर पडला! पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झालेले सुखदेव थोरात याच महाविद्यालयाचे विद्यार्थी.

प्रश्न मिटला असे मात्र नव्हे. २०१० साली अमलात आलेल्या शिक्षणहक्काच्या कायद्याने १४ वर्षांपर्यंतच्या मुलांस विनामूल्य शिक्षणाची हमी दिली. पण आठवीनंतर ती हमी संपते आणि नेमके तेव्हाच घराला कमावत्या हातांची आठवण होते. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस निघणाऱ्या बिऱ्हाडांबरोबर मुलेही जातात आणि शाळेचे वर्ष मध्येच तुटते. त्यांस गावीच ठेवण्याकरिता हंगामी वसतिगृहे निघाली; २०२१ साली ऊसतोड कामगारांच्या मुलांकरिता संत भगवानबाबांच्या नावाने शासकीय वसतिगृहांची योजना आली.

आणि दहावीपुढील अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी सरकारी वसतिगृहांतील जागा अपुऱ्या पडू लागल्या, तेव्हा महाराष्ट्र शासनाने २०१६-१७ पासून नवी तजवीज केली. ज्यास वसतिगृहात प्रवेश मिळाला नाही, त्याच्या बँकखात्यात जेवणाखाण्याची आणि राहण्याची रक्कम जमा करावयाची. या योजनेस नाव दिले आहे ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना. १९२७ साली आंबेडकरांनी रोख पैसा काढून वसतिगृह मागितले होते. येथे वसतिगृह नाही म्हणून रोख पैसा दिला जातो. खोलीचे भाडे आणि खानावळीचे पैसे मात्र दरमहा, पहिल्या आठवड्यातच द्यावे लागतात.