वर्ग ठरतो तो इंचांनी

विमानाच्या फरशीत, नाकापासून शेपटीपर्यंत, धातूचे अरुंद रूळ बसवलेले असतात. आम्ही त्यांना सीट ट्रॅक म्हणायचो. रुळावर दर इंचाला एक गोल खाच असते. सीटच्या पायातला खुंट त्या खाचेत बसवून पक्का आवळला की सीट जागची हलत नाही. सांताक्रूझच्या हँगरमध्ये केबिनच्या कामावर माझी उमेदीची वर्षं गेली ती या रुळांवर गुडघे टेकून. पुढची ऐसपैस खुर्ची काय आणि मागची तिघांची सीट काय, खाचा त्याच इंचाइंचाच्या. वरून कागद आला की रात्रीत रांगा सरकवायच्या, मधली पार्टिशन उचलून दुसरीकडे लावायची, पडदा टांगायचा. जी जागा काल फर्स्ट क्लासची होती ती आज इकॉनॉमीची. त्यामुळे विमानातल्या वर्गांचा इतिहास मी वाचतो तो इंचांच्याच हिशेबात.

पुष्कळांना वाटतं की आधी साधी विमानं होती आणि नंतर श्रीमंतांसाठी पुढे फर्स्ट क्लास जोडला गेला. घडलं ते उलट. ८ जून १९४८ च्या रात्री एअर-इंडिया इंटरनॅशनलचं ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला निघालं तेव्हा त्यात ३५ प्रवासी होते. लंडनचं जाण्याचं भाडं १,७२० रुपये. त्या काळातल्या पगारदाराला ही रक्कम स्वप्नातही परवडणारी नव्हती. सगळ्या जगात हीच तऱ्हा होती. लांबच्या विमानप्रवासाला साधारण एकच दर्जा असे, आणि तो म्हणजे वरचा.

खालचा वर्ग जन्माला आला तो कागदावर. १९४५ साली हवाना इथे स्थापन झालेल्या आयाटा या विमान कंपन्यांच्या संघटनेत आंतरराष्ट्रीय भाडी एकत्र बसून ठरत. कुणी परस्पर स्वस्त तिकीट विकायचं नाही, असा दंडक होता. १ मे १९५२ पासून अटलांटिकवर ‘टुरिस्ट’ दर्जा सुरू झाला. न्यूयॉर्क ते लंडन एका बाजूचं भाडं ३९५ डॉलर होतं, ते टुरिस्टसाठी २७० डॉलर झालं. पण मागच्या रांगेतला माणूसही पुढच्याइतक्याच वेळात लंडनला पोहोचतो. मग जास्त पैसे मोजणाऱ्याला वेगळं काय द्यायचं? फरक दाखवायला दोनच गोष्टी हाताशी होत्या, पाय पसरायची जागा आणि ताटातलं अन्न. दोन्हींचे नियम झाले.

१ एप्रिल १९५८ ला याच मार्गावर ‘इकॉनॉमी’ हा आणखी स्वस्त दर्जा आला आणि दोन रांगांमधलं अंतर ठरलं ३४ इंच. केबिनच्या भाषेत याला पिच म्हणतात. एका सीटवरच्या एखाद्या बिंदूपासून पुढच्या सीटवरच्या त्याच बिंदूपर्यंतचं हे अंतर. इकॉनॉमीच्या प्रवाशाला गरम जेवण द्यायचं नाही, फक्त सँडविच द्यायचं, असंही ठरलं.

इथेच तंटा उभा राहिला. स्कँडिनेव्हियातल्या एसएएस कंपनीने आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे उघडं सँडविच दिलं. खाली पावाचा एक पातळ तुकडा आणि वर मांस, मासे, भाजी अशी रास. अमेरिकेची पॅन ॲम चिडली. तिचं म्हणणं, हे सँडविच नव्हे, हे पूर्ण जेवण झालं. प्रकरण आयाटापुढे गेलं. सँडविच थंड हवं, साधं हवं, त्यात पावाचा भाग मोठा हवा, कॅव्हियार किंवा धुरावलेला सामन यांसारखे महागडे जिन्नस नकोत, असा खल झाला आणि एसएएसला २०,००० डॉलरचा दंड बसला. मला ही हकिकत फार महत्त्वाची वाटते. एसएएसला मागच्या प्रवाशाला चांगलं खायला घालणं परवडत होतं, घालायची इच्छाही होती. पण मागे बरं मिळालं तर पुढचं तिकीट कोण घेणार? मागची गैरसोय ही केवळ काटकसर नव्हती, ती बैठकीत बसून ठरवलेली होती.

आणि पुढे? भाडं सगळ्यांचं एकच, म्हणून चढाओढ सगळी थाटात. या थाटात आपली एअर इंडिया कुणाला हार गेली नाही, हे मी अभिमानाने सांगतो. बॉबी कूका आणि चित्रकार उमेश राव यांनी १९४६ साली घडवलेला महाराजा जगभर ओळखला जायचा. १९६० साली बोइंग ७०७ आलं आणि त्याच वर्षी मेमध्ये न्यूयॉर्कची सेवा सुरू झाली. १९६७ साली साल्वादोर दाली या चित्रकाराकडून निवडक प्रवाशांना भेट देण्यासाठी चिनी मातीचे ॲशट्रे करवून घेतले. शिंपल्याच्या आकाराची वाटी, भोवती सापाचा वेढा आणि खाली असे पाय की एका बाजूने हत्तीचं मस्तक दिसावं आणि उलटं धरलं की हंस. मोबदला म्हणून दालीने हत्तीचं पिल्लू मागितलं आणि ते खरंच विमानाने युरोपात पोहोचवलं गेलं. १९७१ साली ‘एम्परर अशोक’ हे पहिलं जंबो, म्हणजे बोइंग ७४७, आलं. खिडक्यांभोवती बाहेरून राजस्थानी झरोके रंगवलेले, आत जिन्याने वर गेलं की फर्स्ट क्लासचा लाउंज.

पण या जंबोने खरं काम केलं ते मागच्या बाजूला. एवढ्या सीटा भरायच्या तर तिकीट स्वस्त करणं भागच होतं. आखातात कामाला निघालेली चिपळूण-रत्नागिरीकडची माणसं, पोराच्या पदवीदानाला अमेरिकेत निघालेले दादर-पुण्याचे आईवडील विमानात बसले ते इकॉनॉमीमुळे. ३४ इंचांना नावं ठेवणाऱ्याने हे विसरू नये. तो दर्जा नसता तर आपल्यातल्या बहुतेकांनी विमान खालूनच पाहिलं असतं.

तेलाच्या किमती भडकल्यावर कंपन्यांनी वरचे लाउंज हळूहळू काढून तिथे सीटा बसवल्या. ७४७ च्या एका रांगेत सुरुवातीला बहुतेकांनी नऊ सीटा लावल्या होत्या, त्या दहा झाल्या. १९७८ साली अमेरिकेत देशांतर्गत भाड्यांवरचं नियंत्रण उठलं आणि पुढे जगभर भाड्यांची बंधनं सैल होत गेली. त्याच सुमारास पूर्ण भाडं भरणारा व्यापारी आणि सवलतीच्या तिकिटावरचा पर्यटक शेजारी बसू लागल्याने मधला बिझनेस क्लास निघाला. २००० साली ब्रिटिश एअरवेजने त्यात सपाट पलंग होणारी सीट आणली. मग फर्स्ट क्लासला वेगळं देण्यासारखं फारसं उरलं नाही, आणि अनेक कंपन्यांनी तो बंदच केला.

आपल्याकडे २००३ साली एअर डेक्कनने एकाच दर्जाची विमानं उडवली, पुढे इंडिगोनेही तेच केलं. पंचावन्न वर्षांनी पुन्हा एकच वर्ग आला, फक्त आता तो खालचा. पण २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये इंडिगोनेही दिल्ली-मुंबई मार्गावर पुढच्या रांगा रुंद सीटांना दिल्या.

भाड्यांची बंधनं सुटली हे चांगलंच झालं. त्यांच्याबरोबर ते ३४ इंचही सुटले, हे वाईट झालं. आज स्वस्त विमानांत ते २८-२९ वर आले आहेत, आणि एक इंच काढणं म्हणजे काय हे मला ठाऊक आहे. खुंट उचलून फक्त शेजारच्या खाचेत टाकायचा. प्रत्येक रांगेतून इतकंच काढलं की शेवटी एक अख्खी रांग बसते. सहा फुटी माणसाचे गुडघे तेव्हा समोरच्या पाठीला टेकतात. तिकिटावर सामानाचे किलो छापतात, तसे या अंतराचे इंचही छापले पाहिजेत. कंपन्यांनी आपण होऊन छापावेत, नाहीतर सरकारने तसा नियम करावा. तोवर तिकीट काढताना भाड्याच्या आधी पिच विचारत चला.