मोरी, पारा आणि सुरतेची चांदी

बऱ्याच दिवसांनी इथे लिहितोय. घरच्यांना कारण ठाऊक आहेच. धाकटीला मुलगी झाली आणि मी दोन आठवडे वांगणीला जाऊन राहिलो. (नव्या वाचकांसाठी: बदलापूरच्या पुढचं स्टेशनवालं वांगणी नव्हे. आमचं जव्हार-मोखाड्याकडचं.)

बारशाच्या आधी आत्या आली. पिशवीत हळीव, डिंक आणि जव्हारच्या बाजारातून घेतलेली सुकी मोरी. मोरी म्हणजे मुशी, आपल्याकडची शार्क. बाळंतिणीला ती दिली की दूध येतं, ही समजूत किनाऱ्यावरून घाट चढून आमच्यापर्यंत केव्हाच पोचली आहे. मी नको तिथे तोंड घातलं. "आत्या, मोरी नको. त्यात पारा असतो."

"पारा? थर्मामीटरातला? समुद्रात कोण थर्मामीटर फोडायला गेलं होतं रे?"

सगळे हसले. मीही हसलो, कारण नीट उत्तर मला देता आलं नाही. ते इथे लिहितो.

उत्तराची सुरुवात चक्क आमच्या शिरपामाळावरून करता येते. जव्हारजवळच्या या माळावर सुरतेकडे निघालेल्या शिवाजी महाराजांचा मुक्काम झाला आणि राजे विक्रमशहांनी त्यांचं स्वागत केलं, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. १६६४ च्या जानेवारीत सुरत लुटली गेली. त्या लुटीत चांदी होती, हे शाळेतल्या पुस्तकातही होतं. पण सुरतेत एवढी चांदी आली कुठून, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

हिंदुस्थानात चांदीच्या खाणी नावापुरत्याच. मोगलांचे रुपये पाडायला चांदी बाहेरून यायची, आणि त्या काळात तिचा फार मोठा भाग मुळात अमेरिका खंडातल्या स्पॅनिश मुलखातला असे: मेक्सिको, आणि आज बोलिव्हियात असलेलं पोतोसी. युरोप, तांबडा समुद्र, इराण अशा हातांतून फिरत ती सुरतेच्या सराफांकडे यायची. तिकडे १५५० च्या दशकात बार्तोलोमे दे मेदिना नावाच्या माणसाने चांदी काढायची नवी पद्धत बसवली होती. खनिज दळायचं, त्यात मीठ आणि पारा कालवायचा, चांदी पाऱ्याला चिकटली की तो गोळा तापवायचा. पारा उडून जातो, चांदी उरते. त्यासाठी स्पेनमधल्या अल्मादेनहून आणि पेरूमधल्या वांकावेलिकाहून पारा यायचा. अडीच-तीनशे वर्षांत लाखभर टनांहून जास्त पारा यात खर्ची पडला. त्यातला किती हवेत गेला आणि किती गाळात अडकून राहिला यावर अभ्यासकांत अजून वाद आहे. पण बराच गेला, एवढं नक्की.

आता खरी गंमत (गंमत कसली!). लाकडाचा धूर पावसाने धुऊन जातो. पाऱ्याची वाफ पाण्यात सहसा विरघळत नाही, म्हणून ती कित्येक महिने हवेत राहते आणि पृथ्वीला फेऱ्या मारते. हळूहळू तिचं रूप बदलतं, ती विरघळू लागते आणि पावसाबरोबर उतरते. पानांवर, मातीत, तळ्यात, समुद्रात. आणि उतरली म्हणजे संपली असंही नाही. तिचा काही भाग पुन्हा वाफ होऊन वर जातो. आज आकाशातून उतरणाऱ्या पाऱ्यात असा जुना, पुन्हा उठलेला पारा मोठ्या प्रमाणात असतो. म्हणजे सुरतेच्या चांदीपायी उडालेला एखादा कण आमच्या शिवारावर पडतच नसेल असं कुणी छातीठोक सांगू शकणार नाही.

सगळं खापर स्पॅनिश लोकांवर नको. २०१५ साली माणसाने हवेत सोडलेला पारा अंदाजे २२०० टन होता. त्यात पहिला वाटा छोट्या सोनेखाणींचा, दुसरा दगडी कोळशाचा. कोळशात पारा अगदी नखभर असतो, पण कोळसा आपण डोंगरच्या डोंगर जाळतो. आपल्या डहाणूलाही १९९५ पासून कोळशावरचं वीजकेंद्र आहे.

आत्याच्या थर्मामीटरचंही उत्तर आहे. कोडाईकनालला थर्मामीटरचाच कारखाना होता, २००१ मध्ये बंद झाला. तिथल्या तळ्यातलं पाणी, गाळ, मासे तपासले तेव्हा सगळ्यात पारा सापडला. झाडांवरच्या शेवाळातही. तिथे तो हवेतूनच गेला असणार.

पण तळ्यातला नुसता पारा इतका वाईट नाही. तळाच्या चिखलात, जिथे प्राणवायू नसतो, तिथले जिवाणू त्याचं मिथाइल पारा करतात. हा अंगातून लवकर जात नाही. शेवाळातून किड्यात, किड्यातून लहान माशात, लहानातून मोठ्यात, दर पायरीला साठा वाढतो. समुद्रातही तेच. वरच्या पायरीवर शार्क. जपानात मिनामाताला कारखान्याचं पाणी थेट खाडीत जायचं. १९५६ मध्ये तो आजार अधिकृतपणे नोंदला गेला, आणि पारा सोडणं थांबायला १९६८ उजाडलं. तिथे आया बऱ्या दिसत होत्या आणि मुलं जन्मतःच अधू होती. हे वाचल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही, म्हणून त्या दिवशी तोंड घातलं.

आता माझी चूकही सांगतो. मुख्य धोका पोटात असतानाचा. दुधातून मिथाइल पारा जातो तो त्यामानाने थोडा, तरी अंगावर पाजणाऱ्या बायकांनी शार्क टाळावी असा सल्ला आहेच. आणि मोरी लहान असेल तर तिच्यात पारा कमी, थोराड मुशीत जास्त. पण वाळवलेल्या तुकड्यावरून वय कसं ओळखायचं? मीठ लावून, वाळवून, शिजवून पारा जात नाही.

हे सगळं रात्री ओटीवर बसून आत्याला सांगितलं. शिरपामाळापर्यंत तिने मन लावून ऐकलं. मग म्हणाली, "तुझ्या आईला तुझ्या वेळी मीच मोरी करून घातली होती. तू बरा निघालास की." यावर मी गप्प. तिची मोरी म्हणजे दोन एस.टी. बदलून आणलेली माया होती, आणि मी तिला विष म्हणालो होतो.

निकाल धाकटीनेच लावला. "आत्या, मला सुकट कर. ती बारीक असते, दादाचा पारा तिच्यात मावायचा नाही." आत्याने भरपूर लसूण घालून सुकट केली. मोरीचं कालवण आम्हा बाकीच्यांना. मी दोनदा घेतलं.