महारोहिणी झडपेचे कॅल्शियम-मापन
महारोहिणीच्या झडपेत साचलेले कॅल्शियम सीटी स्कॅनद्वारे अंकांत मोजण्याची पद्धती. वार्धक्यात झडपेची पाती कठीण होऊन रक्तमार्ग संकोचला असता त्याची तीव्रता प्रायः इको-तपासणीने ठरते. तथापि छिद्र अरुंद परंतु दाबातील फरक अल्प, असे विसंगत आकडे आल्यास निकालासाठी या मापनाचा आधार घेतात. रंजकद्रव्य न टोचता, ईसीजीशी मेळ राखून चित्रे घेतात. त्यांतील किमान १३० हाउन्सफील्ड एकक घनतेच्या प्रत्येक ठिपक्याचे क्षेत्रफळ, आर्थर ॲगॅटस्टन व सहकाऱ्यांनी १९९० मध्ये हृद्‌रोहिण्यांसाठी मांडलेल्या रीतीने, १ ते ४ पैकी घनतानुसारी गुणकाने गुणून बेरीज करतात. पुरुषांत सुमारे २,००० व स्त्रियांत १,२०० अंकांपुढे तीव्र संकोच संभवतो. स्त्रियांच्या झडपेत तंतुमय ऊतक तुलनेने अधिक असल्याने ही निराळी मर्यादा कटाक्षाने पाळणे अगत्याचे आहे.