हुदहुद : समुद्रात जन्मलेले, हिमालयात गोठलेले वादळ

१२ ऑक्टोबर २०१४ रोजी ‘हुदहुद’ हे चक्रीवादळ विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर आदळले. वाऱ्याचा वेग ताशी १८० किलोमीटरच्या आसपास होता. झाडे उन्मळली, विमानतळाचे छप्पर फाटले, शहर अंधारात बुडाले. तरीही लाखो लोकांना आधीच सुरक्षित स्थळी हलविल्यामुळे जीवितहानी मर्यादित राहिली. दोनच दिवसांनी, तेथून सुमारे बाराशे किलोमीटर उत्तरेला, नेपाळमधील अन्नपूर्णा परिसरात भीषण हिमवादळ उसळले आणि चाळीसहून अधिक माणसे मरण पावली. या दोन्ही आपत्तींचे मूळ एकच होते.

वादळांच्या इतिहासात चक्रीवादळ आणि हिमवादळ यांची घराणी वेगळी मानली जातात. चक्रीवादळाचे ‘सायक्लोन’ हे नाव कोलकात्यात घडले. तेथील हेन्री पिडिंग्टन यांनी बंगालच्या उपसागरातील वादळांचा अभ्यास करून, वेटोळे घातलेल्या सापाचा अर्थ ध्वनित करणारा हा शब्द १८४८ च्या आपल्या ग्रंथात योजला. ‘ब्लिझर्ड’ हा शब्द हिमवादळासाठी अमेरिकेत १८७० च्या दशकात रूढ झाला.

दोहोंची प्रकृतीही भिन्न आहे. चक्रीवादळ उबदार समुद्रावर पोसले जाते. बाष्पाचे पाणी होताना मुक्त होणारी उष्णता हेच त्याचे इंधन असल्याने जमिनीवर येताच ते क्षीण होऊ लागते. हिमवादळ थंड व उष्ण हवेच्या संघर्षातून शक्ती मिळविते आणि जमिनीवरही दीर्घकाळ टिकते. अमेरिकी व्याख्येनुसार ताशी ५६ किलोमीटर वा अधिक वेगाचे वारे आणि सुमारे ४०० मीटरपेक्षा कमी दृश्यमानता किमान तीन तास राहिली, तर ते हिमवादळ ठरते. नवा हिमवर्षाव व्हायलाच हवा असे नाही. पडलेला बर्फ वाऱ्याने उधळला तरी पुरेसे असते.

मृत्यूच्या वाटाही निराळ्या. नोव्हेंबर १९७० मध्ये तत्कालीन पूर्व पाकिस्तानातील भोला चक्रीवादळात तीन लाखांहून अधिक माणसे गेली. बहुतेकांचा बळी समुद्राच्या उधाणाने घेतला. फेब्रुवारी १९७२ मध्ये इराणमधील हिमवादळात सुमारे चार हजार लोक दगावले, बर्फाखाली गावेच्या गावे गाडली गेली. ही दोन्ही वादळे आपापल्या प्रकारात सर्वांत प्राणघातक गणली जातात.

भारताने चक्रीवादळांचा धडा मोठी किंमत मोजून गिरविला. १८६४ साली कोलकात्यावर आदळलेल्या वादळाने व त्यानंतरच्या दुष्काळांनी १८७५ मध्ये भारतीय हवामान विभागाच्या स्थापनेस चालना दिली. १९९९ च्या ओडिशातील महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार लोक मृत्युमुखी पडले. २०१३ मध्ये त्याच किनाऱ्यावर ‘फायलिन’ आले, तेव्हा मृतांची संख्या काही डझनांवर रोखता आली. पुढच्याच वर्षी हुदहुदच्या वेळी हीच व्यवस्था कामी आली.

पण ती व्यवस्था किनाऱ्यासाठी घडलेली होती. जमिनीवर सरकताना हुदहुद क्षीण होत गेले, साधा कमी दाबाचा पट्टा उरला आणि मैदानी प्रदेशापुरता धोका सरला. त्याच्या पोटातील बाष्प मात्र सरले नव्हते. पश्चिमी वाऱ्यांतील एका द्रोणीने ते उत्तरेकडे खेचले. हिमालयाच्या भिंतीवर चढताना हवा गोठली आणि ५,४१६ मीटर उंचीच्या थोरोंग खिंडीभोवती अतोनात हिमवर्षाव झाला. ऑक्टोबर हा तेथील निरभ्र आकाशाचा आणि पदभ्रमणाचा महिना. वाट देशीविदेशी पदयात्रींनी, वाटाड्यांनी व भारवाहकांनी गजबजलेली होती. वर काय येत आहे, याचा इशारा त्यांतील बहुतेकांपर्यंत पोचलाच नाही.

हे सर्वस्वी अभूतपूर्वही नव्हते. नोव्हेंबर १९९५ मध्ये आंध्र किनाऱ्यावर आलेल्या वादळाच्या अवशेषांनी नेपाळमध्ये असाच प्रचंड हिमवर्षाव केला होता, आणि हिमस्खलनांत अनेकांचे प्राण गेले होते.

वादळांचे वर्गीकरण वाऱ्याच्या वेगावर चालते. म्हणून वेग ओसरला की वादळ संपले असे मानले जाते. किनाऱ्यावरील माणसासाठी ते खरेही असते. डोंगरमाथ्यावरील माणसाला मात्र वाऱ्याइतकेच त्यातील पाणी मारते. उपसागरातील वादळाचा इशारा हिमालयाच्या खिंडीपर्यंत पोचविणे, हा हुदहुदने मागे ठेवलेला धडा आहे.